सांजेचं ताट

मंदाबाई सुरवाडेला जळगावातल्या बऱ्याच गल्ल्या 'सर्व्हेवाली बाई' म्हणून ओळखत. नाव फार थोड्यांना माहीत होतं. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांना आपला साबण, चहा, केसांचं तेल लोक का घेतात आणि का घेत नाहीत, हे जाणून घ्यायचं असे. त्यांची माणसं गावात येत, लॉजवर उतरत आणि दारोदार जाऊन प्रश्न विचारायला इथल्याच एखाद्या बाईला हाताशी धरत. भर दुपारी अनोळखी पुरुषाला दार कोण उघडणार? मंदाबाई मॅट्रिक झालेली, बोलायला नीटनेटकी. त्र्याऐंशी सालापासून ती हे काम करत होती.

काम तसं साधं होतं, पण अंगाचा पिट्टा पाडणारं. जळगावच्या उन्हात गल्लीमागून गल्ली, दर तिसऱ्या दाराशी कुत्रं, आणि प्रत्येक घरी तेच ते प्रश्न. कपडे कशानं धुता? किती दिवसांनी आणता? कोण आणतं? पाणी मागितलं की काही घरांत आधी आडनाव विचारत. सुरवाडे म्हटल्यावर कधी वरून ओंजळीत पाणी पडे, कधी माठ नेमका रिकामा झालेला असे. सुरुवातीला तिला फार राग यायचा. मग तिनं पिशवीत स्वतःची बाटली ठेवायला सुरुवात केली. राग गेला नाही, पण तहान तरी भागू लागली.

घर पिंप्राळ्याकडे होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं अंगण आणि अंगणाच्या टोकाला दोन पायऱ्या चढून संडास. नवरा पंडित एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मुलगा नाशिकला कारखान्यात लागलेला, तिकडंच बिऱ्हाड केलेला. घरात तिसरं माणूस म्हणजे पंडितची आई, भागाबाई. मुक्ताईनगरकडच्या एका खेड्यात तिनं उभा जन्म लोकांच्या शेतात कापूस वेचला होता. नवरा गेल्यावर पंडितनं तिला जळगावला आणलं. गुडघे गेलेले, पण जीभ आणि नजर शाबूत. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची ती चौकशी करायची.

एक्क्याण्णवच्या पावसाळ्यापासून भागाबाईनं सांजेचं जेवण सोडल्यासारखंच केलं. ताट वाढलं की अर्धी चतकोर मोडायची आणि बाजूला सरकवायची.

"मले नाई भूक," म्हणायची.

"दुपारी तर चांगलं जेवलात, आत्याबाई."

"मंग तेच पुरते. म्हाताऱ्या मानसाले किती लागते?"

पंडितनं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, वय झालंय म्हणाले. टॉनिक संपलं, म्हातारी आणखी वाळली. तिच्या हातातल्या चांदीच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या. मंदाबाई दिवसभर उन्हातून फिरून यायची, चूल पेटवायची, भाकरी थापायची. सासू जेवत नाही म्हणून मन खायचं. पण थकलेल्या हातांना एक भाकरी कमी थापायला लागते, हेही खरं होतं. शेजारणींनी विचारलं की तीही डॉक्टरांचंच सांगायची, वय झालंय.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत पुण्याहून एक मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या, केस कापलेल्या, बोलताना समोरच्याकडे नीट बघणाऱ्या. एका कंपनीला म्हाताऱ्या माणसांसाठी संडासची खुर्ची काढायची होती. मधोमध भोक असलेली, प्लास्टिकची, उचलून कुठंही ठेवता येईल अशी. ती लोकांना हवी आहे का, कशी हवी आहे, हे आधी म्हाताऱ्यांकडूनच समजून घ्यायचं होतं. त्यासाठी जळगावात एक बैठक आणि धुळ्यात एक. कंपनीचे एक साहेबही सोबत होते. माणसं जमवायचं काम मंदाबाईकडं आलं.

माणसं जमवता जमवता तिचा जीव मेटाकुटीला आला. कुणाला वाटलं डोळ्यांचं शिबिर आहे, कुणाला वाटलं पेन्शन मिळणार. खरं कारण सांगितलं की म्हातारे हसायचे, म्हाताऱ्या पदर तोंडाला लावायच्या. तरी तिनं डझनभर माणसं आणली. वाचनालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या ओळीनं मांडल्या, चहा दिला, आणि साहेबांनी एकेकाला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"उठाबसायला त्रास होतो का?"

पहिला नंबर मोतीलाल आबांचा. कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य काढलेले, इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी. ते म्हणाले, "आमचं सगळं व्यवस्थित आहे."

पुढच्याचं व्यवस्थित होतं, त्याच्या पुढच्याचंही होतं. बायका म्हणाल्या, आम्हाला काहीच तरास नाही. तासाभरात बैठक संपली. निघताना मोतीलाल आबांना खुर्चीतून उठायला दोघांनी हात दिला. ते त्यांच्याही लक्षात आलं आणि ते कुणाकडं न बघता बाहेर पडले.

साहेब म्हणाले, "चला, म्हणजे गरजच नाही. धुळ्याला तरी कशाला जायचं?"

लॉजच्या व्हरांड्यात चहा घेताना मॅडमनी मंदाबाईला सांगितलं, "धुळ्याला खुर्च्या मांडायच्या नाहीत. एक बाज लागेल, बादली, तांब्या, पुठ्ठ्याची खोकी, दोरी, विटा. आणि कुंभाराकडून थोडी चिकणमाती."

"कशाला?"

"त्यांना बोलायला नाही सांगायचं. करून दाखवायला सांगायचं. आपली सकाळ कशी जाते, संध्याकाळ कशी जाते. मग हातानं बनवायला सांगायचं, आपल्याला काय हवं ते."

मंदाबाईला ते पटलं नाही. "म्हातारी माणसं आहेत, मॅडम. नाटकं करायला लावलीत तर उठून जातील."

"उठतात कसे, तेच तर बघायचंय," मॅडम म्हणाल्या.

मंदाबाईला हसू आलं नाही. तिला फक्त एवढंच दिसत होतं की विटा आणि माती धुळ्यात तिलाच गोळा करायला लागणार.

धुळ्याला पांझरा नदीच्या काठच्या एका शाळेचा वर्ग सुटीमुळं रिकामा मिळाला. बाकं भिंतीला लावून मध्ये सतरंजी घातली. तिथंही डझनभर माणसं आली. बहुतेकजण मजुरी करून म्हातारे झालेले, घरी-दारी अहिराणी बोलणारे. त्यांच्यात पुना नाना होता, कापडगिरणीत साचे चालवून एका कानानं बहिरा झालेला. द्रौपदाबाई होती, देवपूरकडची, काटकुळी, एवढ्याशा चेहऱ्याची. ती दारापाशीच बसली, कधीही निघून जाता येईल अशी.

मॅडमनी काय करायचं ते सांगितल्यावर कुणीच हललं नाही.

पुना नाना म्हणाला, "आम्ही नाटकवाला शेतस का?"

"आधी आम्ही करतो," मॅडम म्हणाल्या आणि मंदाबाईकडं वळल्या. "तुम्ही तुमची सकाळ दाखवा."

हे आधी ठरलेलं नव्हतं. मंदाबाईचे कान तापले. इतकी वर्षं तिनं लोकांना प्रश्न विचारले होते, तिला स्वतःला कुणी काही करून दाखवायला सांगितलं नव्हतं. पण सगळे बघत होते. ती बाजेवर आडवी झाली, उठली, कंबर धरून जरा थांबली, चुलीपुढं बसल्यासारखं केलं, पीठ मळलं, भाकरी थापली, पिशवी खांद्याला लावली. समोरून एक म्हातारी म्हणाली, "पोरी, चहा पेवाना राह्यना तुना." सगळे हसले. मंदाबाईही हसली. ती खरोखरच बऱ्याच सकाळी चहा न घेता निघायची.

त्यानंतर गाडी रुळाला लागली. पुना नाना आपणहून उठला. त्यानं उकिडवं बसून दाखवलं आणि उठताना बादलीच्या काठाला धरलं. बादली रिकामी होती, ती कलंडली आणि नाना हातावर आला. दोघं धावले. त्यानं त्यांना हातानंच थांबवलं, जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाला, "रोज अशेच व्हस." घरी तो बादली आधी पाण्यानं भरून घेतो, मगच बसतो, म्हणजे ती कलंडत नाही. कुणी दाराच्या कडीला धरायचं, कुणी भिंतीतल्या खिळ्याला. एक बाई नातवाला बाहेर उभं करायची आणि तो खेळायला पळाला की तशीच बसून राहायची. जळगावला एका तासात जे एकानंही सांगितलं नव्हतं, ते इथं एकापाठोपाठ एक दिसू लागलं.

मॅडमनी मग संध्याकाळ दाखवायला सांगितली. बराच वेळ कुणी उठेना. शेवटी दारापाशी बसलेली द्रौपदाबाई पुढं सरकली. तिनं समोर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला, ते तिचं ताट. भाकरीचा एक घास मोडल्यासारखं केलं. तोंडापर्यंत नेला, परत ठेवला. ताट शेजारी सरकवलं, जणू तिथं कुणी मूल बसलंय. तांब्या उचलला, त्यातलं पाणी नुसतं ओठाला लावलं. मग पदर सावरून सतरंजीवर कुशीवर निजली, पाय पोटाशी घेऊन.

मॅडम तिच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"अक्का, भूक लागत नाही का संध्याकाळी?"

द्रौपदाबाई उठून बसली. तिनं साहेबांकडं पाहिलं. साहेब समजले आणि चहाचं बघतो म्हणून बाहेर गेले. पुरुषांपैकी कुणी खिडकीबाहेर बघू लागले.

"भूक तं लागस, माय," ती म्हणाली. "पन सांजले जेवं का सकायले बसनं पडस. बसस तं उठाई नही जात. धराले काहीच नही तठे. सून कामवर निंघी जास. आंडोरले कशी हाक मारू?"

पोराला हाक कशी मारायची, एवढाच तिचा प्रश्न होता. त्यासाठी ती उपाशी निजत होती.

मागून दुसरी म्हणाली, "मी बी तसंच करस." आणखी एकीनं मान डोलावली.

मंदाबाई भिंतीला टेकून उभी होती. कोण काय म्हणतं ते टिपून घ्यायचं काम तिच्याकडं होतं, पण तिचा हात थांबला होता. ते सरकवलेलं ताट तिनं रोज पाहिलं होतं. रोज ते उचलून तिनंच घासायला टाकलं होतं.

नंतरचं सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं, पण मन तिथं नव्हतं. म्हाताऱ्यांनी दोन गट करून खोकी कापली, विटा रचल्या, बाजेला दोऱ्या बांधल्या. पुना नानानं मातीची छोटी खुर्ची केली, तिला दोन्ही बाजूंना जाड हात केले. द्रौपदाबाईनं खुर्ची केलीच नाही. तिनं मातीचा लांब दांडा वळला आणि विटेला चिकटवला. "हाई भिंतमा लागीन," ती म्हणाली. धरायला एवढं मिळालं की तिचं भागणार होतं. चहा घेऊन परत आलेल्या साहेबांनी ते उचलून पाहिलं आणि विचारलं, "पण मग आमची खुर्ची?" मॅडम म्हणाल्या, तेही लिहू.

बायका निघताना मॅडमच्या हाताला माती लागलेली होती, तो तसाच धरून त्या बोलत होत्या. पुन्हा कधी बोलावणार, असं एकीनं विचारलं. मॅडमनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, माहीत नाही.

मॅडम आणि साहेब धुळ्याहून परस्पर पुण्याला गेले. मंदाबाई एसटीनं परतली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तिनं खिडकीला डोकं टेकलं होतं. सासूनं पावसाळ्यात जेवण सोडलं. पावसाळ्यातच संडासच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. पंडित घरी असतो तेव्हा म्हातारी मागच्या अंगणात जातच नाही, तो कामावर गेल्यावर जाते. हे सगळं तिला माहीत होतं, फक्त तिनं ते एकमेकांशेजारी कधी ठेवलं नव्हतं. तिला रडू आलं नाही. फार दमल्यासारखं वाटलं.

घरी पोचल्यावर लगेच विचारावं तर म्हातारी काय म्हणणार, हे तिला कळत होतं. जळगावच्या हॉलमधल्या माणसांनी सांगितलं तेच. म्हणून तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पंडित कामावर गेल्यावर ती भागाबाईला म्हणाली, "आत्याबाई, जरा मागं या माझ्यासंगं."

"काहाले?"

"या तर."

संडासच्या दाराशी पोचल्यावर मंदाबाई आत जाऊन नुसती उकिडवी बसली. दार सताड उघडं ठेवलं.

"आता हे काय नवीन काढलं?" भागाबाई कावली.

"मला उठता येईना," मंदाबाई म्हणाली. तिनं ते दाखवायला म्हटलं होतं, पण दोन दिवसांच्या धावपळीनं गुडघे खरोखरच धरले होते. भिंतीला हात लावला तर तो नुसता घसरला. म्हातारीनं काठी बाजूला टेकवली आणि हात पुढं केला. दोघींनी एकमेकींना ओढलं. मंदाबाई उठली, पण भागाबाईचा तोल गेला आणि दोघी चौकटीला धरून तशाच उभ्या राहिल्या, धापा टाकत.

"तुम्ही कशा उठता?" मंदाबाईनं मग विचारलं.

भागाबाईनं बाजूला टेकवलेली काठी परत हातात घेतली.

"नाई उठता येत," ती म्हणाली. "एक डाव पडून राह्यली व्हती मी इथी. तू कामाले गेल्ती. मंग घसरत घसरत भाईर आली. तवापासून म्हनलं, सांजले पोटात काईच टाकू नाई."

"मला सांगायचं ना."

"काय सांगू? तू तं सांजले येते तं तुह्या तोंडाकडं पाह्यवत नाई."

मंदाबाईनं सासूला धरून ओट्यावर आणून बसवलं आणि चहा ठेवला. स्वतःलाही घेतला.

पंडितला सांगताना तिला जड गेलं. तो ऐकून उठला आणि बाहेर फेरी मारून आला. रविवारी तो भंगारबाजारात गेला आणि एसटीत उभ्या प्रवाशांना धरायला असतो तसला लोखंडी दांडा घेऊन आला. भिंतीला भोकं पाडून, सिमेंट भरून त्यानं तो बसवला. दुसरा आडवा दांडा पायऱ्यांच्या कडेला लावला. पायऱ्या घासून काढल्या. सिमेंट सुकेपर्यंत आईशी तो एक शब्दही बोलला नाही. दांडा पक्का झाल्यावर स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं, आणि म्हणाला, "माय, आता हाक मारायची. मी घरात असलो तरी."

"मारीन," भागाबाई म्हणाली. तिनं कधी मारली नाही. पण दांडा धरायला लागली.

शेजारचा देवचंद सुतार. मंदाबाईनं त्याच्याकडून एका जुन्या लाकडी खुर्चीला मधोमध भोकही पाडून घेतलं. ती खुर्ची म्हातारीनं वापरायला साफ नकार दिला. त्यावर ती सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसायची नाही, की शेजाऱ्यांना बसू द्यायची नाही. खुर्ची कोपऱ्यात पडून राहिली.

सांजेचं जेवण लगेच सुरू झालं नाही. सवय मोडलेली होती. पहिल्या दिवशी चतकोर भाकरी आणि दुधाचा घोट. आठवड्यानं अर्धी. एकदा मंदाबाईनं वांग्याचं भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली, तेव्हा म्हातारीनं आणखी मागितली. मंदाबाईनं वाढली आणि पुन्हा परातीत पीठ घेतलं. खांदे दुखत होते. त्या दिवशी ती भाकरी थापताना तिला कंटाळा आला नाही असं नाही. आला. पण थापली.

भागाबाई त्यानंतर दीड वर्ष जगली. फार काही अंग भरलं नाही, पण बांगड्या मनगटावर परत आल्या. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात ताप आला, चार दिवस अंगात राहिला आणि ती गेली. विहारातले लोक आले, वंदना झाली, नाशिकहून मुलगा-सून आले आणि गेले.

त्या कंपनीची खुर्ची बाजारात आली म्हणे. मुंबईच्या एका दुकानात पाहिल्याचं कुणीतरी सांगितलं. जळगाव-धुळ्याकडं ती आली नाही. भिंतीत लावायचा दांडा त्या कंपनीनं काढला नाही, तो तिचा धंदाच नव्हता. मॅडम पुन्हा कधी या भागात आल्या नाहीत. धुळ्याच्या द्रौपदाबाईचं पुढं काय झालं, हे मंदाबाईला कळलं नाही. एकदा कामासाठी धुळ्याला गेली तेव्हा तिनं देवपूरकडं चौकशी केली. घर सापडलं, कुलूप होतं. शेजारी म्हणाले, मुलगा सुरतेला गेला, आईलाही घेऊन गेला.

दारोदार फिरताना मात्र मंदाबाईला एक खोड लागली. घरात म्हातारं माणूस दिसलं की कागदावरचे प्रश्न संपल्यावर ती एक जास्तीचा प्रश्न विचारायची. "सांजेला जेवता ना, आबा? जेवता ना, अक्का?" काहीजण हसायचे. चोपड्याला एका सुनेनं 'आम्ही उपाशी ठेवतो का' म्हणून तोंडावर दार लावलं. पाचोऱ्याच्या एका म्हातारीनं फक्त तिच्या हातावर हात ठेवला. मंदाबाई तिच्या मुलाशी बोलून आली. त्यानं ऐकून घेतलं. पुढं काय केलं, कोण जाणे. ओळखीच्या चार-दोन घरी पंडितनं दांडे बसवून दिले, मग त्याची कंबर धरली आणि ते बंद झालं.

सासू गेल्यानंतर मंदाबाईनं काही काळ काम घेतलं नाही. घर रिकामं वाटायचं, आणि रिकाम्या घरात तिला दुपारी झोप यायची, गाढ, कधी नव्हे अशी. मग एका एजन्सीचा माणूस डासांच्या अगरबत्तीचं काम घेऊन दाराशी आला. किती घरं, कुठल्या वस्त्या, ते सांगितलं. ती नाही म्हणणार होती. पण तिनं पिशवी झटकली, बाटली भरली, चहा घेतला आणि निघाली. ऊन चढायच्या आत शनिपेठेतल्या दोन गल्ल्या तिनं उरकल्या. तिसरीच्या तोंडाशी एका ओट्यावर सावली होती, तिथं जरा टेकली.